सर्जेरावांना मुलगा होता

भीमनगर, छत्रपती संभाजीनगर
२ फेब्रुवारी २०२५

बाळा,

जय भीम. ‘चि.’ लिहून पुढं नाव लिहायचं म्हणून बराच वेळ पेन धरून बसले, आणि मग हे असं लिहिलं. बाळा मुलालाही म्हणतात, मुलीलाही म्हणतात, त्यात कुणाचं काही जात नाही. ‘आलास, गेलास’ लिहायला मला जड नाही, लहानपणापासून तुला ‘आलास का रे’ असंच विचारायचे. नावाचं जड जातं. शहराचं नाव बदलून दोन वर्षं झाली, वर बघ कसं नीट लिहिलंय, पण एसटीत कंडक्टरला मी अजून औरंगाबादच म्हणते आणि तोही मुकाट्यानं तिकीट फाडतो. तेव्हा मलाही जरा वेळ दे.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. अरफाचा भाऊ तन्वीर दर आठवड्याला टेम्पो घेऊन पुण्याला जातो, त्याच्या हाती देते. त्याला तुझी खोली माहीत आहे. चार वर्षांत मला माहीत नाही, पण त्याला आहे. असू दे. ऑपरेशनचं अरफाकडूनच कळलं. शाळेपासूनची मैत्रीण आहे तुझी, तिला ओरडू नकोस. मी तिच्या धाकट्याला तेल लावत होते आणि तिच्या तोंडून निघून गेलं. “खाला, उसका ऑपरेशन हो गया, अच्छा है अब,” म्हणाली आणि जीभ चावली. मी विचारलं, “कशाचं ऑपरेशन?” तर तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मी पोराला पालथं घातलं आणि पाठ चोळायला लागले. नंतर घरी येऊन रडले.

तुझं कवितांचं पुस्तकही तिनंच दिलं. वर नुसतं ‘अभय’, आडनाव नाही. बरं केलंस. सगळ्या कविता दोनदा वाचल्या. माझी दहावी काही फुकट गेलेली नाही, महिला मंडळाचं इतिवृत्त अजून मीच लिहिते. ‘घडण’ मात्र तिसऱ्यांदा वाचली आणि पुस्तक गव्हाच्या कोठीवर फेकलं.

*आईनं मला तेलाच्या हातांनी घडवलं.*
*नाक ओढून सरळ केलं, भुवया रेखल्या,*
*कंबर दाबून बाक दिला.*
*मुलगी व्हायला जे जे लागतं ते सगळं तिनं केलं.*
*हात पुसून उठायला गेली, तेव्हा*
*तिच्या पायांवर मी होतो.*

असं लिहितात का आईवर? ह्या गल्लीतली निम्मी बाळं माझ्या पायांवर वाढली. मुलीची कंबर चोळायची, मुलाची छाती रुंद करायची, हे मला माझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. चोळून काही होत असतं तर ह्या गल्लीत एक तरी पैलवान निघाला असता. सगळे मोबाईलवर बोटं फिरवत ओट्यावर बसलेत. मला काय माहीत होतं? तू पोटातून आलास तेव्हा नर्सनं जे सांगितलं ते मी ऐकलं, आणि जे सगळ्या मुलींचं केलं ते तुझं केलं. प्रेमानं केलं, ते काही कवितेत आलं नाही. शेवटची ओळ चांगली आहे, एवढं कबूल करते. राग गेला आणि ती डोक्यात राहिली.

तुझे पप्पा बरे आहेत. थंडीमुळं जरा पडून असतात. त्यांना ऑपरेशनचं सांगितलेलं नाही. “ह्या उंबऱ्यातून सुलेखा आत येईल, दुसरं कुणी येणार नाय,” हे चार वर्षांपूर्वी ते म्हणाले होते. ते म्हणाले. मी तुला एक शब्द तरी बोलले का? तू पिशवी भरत होतास तेव्हा मी गॅसपाशी भाकरी करत होते, आठवून बघ.

तन्वीरबरोबर डबा पाठवते. हळिवाचे लाडू आहेत, नारळ आणि गूळ घालून. टाके पडलेल्या अंगाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, माझ्या सगळ्या बाळंतिणींना मी हेच देते. सकाळी एक, संध्याकाळी एक, वर गरम दूध. जखमेला पाणी लागू देऊ नकोस. कोण बघतं रे तुझ्याकडं तिथं?

तुझी आई

भीमनगर
१२ फेब्रुवारी २०२५

बाळा,

डबा परत आला. तन्वीरनं तो ओट्यावर ठेवला आणि स्वतःच्या बुटांकडं बघत उभा राहिला. मी विचारलं, “काय झालं रे?” तर म्हणाला, “खाला, उनो पैले हसा. फिर रोया. बोला, आई कू बोलो, दूध नक्को अब.” मला काही उमगेना. मग झाकण काढलं, लाडवातला हळीव दिसला, आणि उमगलं.

हळीव कशाला देतात, हे ह्या धंद्यात माझ्यापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार! बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून देतात. पण माझं सगळं आयुष्य बाळंतिणींच्या खाटेपाशी गेलंय रे. टाके पडलेलं माणूस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं एकच माणूस येतं, पोटाला सीझरचे टाके आणि कुशीत बाळ. ऑपरेशन ऐकलं आणि हात आपोआप हळिवाच्या बरणीकडं गेले. डोकं मागाहून आलं. तू छाती काढून टाकलीस आणि मी तुला दूध यायचं खाणं पाठवलं. वरून ‘गरम दूध घे’ असंही लिहिलं.

तू म्हणालास म्हणे, हा आईचा टोमणा आहे. मला टोमणा मारायचा असता तर तोंडानं मारला असता, मला तोंड आहे. नारळ खवून, गूळ किसून, पाक करून टोमणा कोण मारतं? चूक झाली. मोठी झाली. लाडू अरफाला दिले, ती अजून अंगावर पाजते, तिला तरी उपयोगी पडले. ती खाताना हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती, मग मीही तेच केलं.

आता दुसरं. पप्पा बरे आहेत असं लिहिलं ते खोटं होतं. दिवाळीच्या पाडव्याला त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. शेंद्र्याच्या कंपनीत एवढी वर्षं लोखंड उचललेला माणूस, आता कूस बदलायला माझी वाट बघतो. मी रोज चोळते. एवढी बाळं पायांवर घेतली, शेवटी हा थोरला नशिबी आला. बाळाचं अंग हाताखाली दिवसागणिक घट्ट होत जातं. ह्यांचं सैल होत चाललंय. डॉक्टर अजून गोळ्या देतात, पण माझ्या हातांना कळलंय.

तुला आधी का नाही कळवलं? कारण तू आला नसतास तर मला ते सहन झालं नसतं. न कळवता तू आला नाहीस, तर मला म्हणता तरी येतं की त्याला माहीत नव्हतं.

अरफा सांगते, तू म्हणालास, ‘पप्पांनी अभय म्हणून हाक मारली तर येईन.’ बरोबर आहे तुझं. तुला दाराबाहेर काढलं ते ह्याच नावावरून, तर आत घ्यायचं तेही ह्याच नावानं. पण बाळा, त्यांना आता पाणीसुद्धा म्हणता येत नाही. तहान लागली की डाव्या हातानं खाटेच्या पाटीवर वाजवतात. त्यांच्याकडून ते नाव तुला आता कधीच मिळणार नाही, मनात असलं तरी नाही आणि नसलं तरी नाही. मनात आहे का, हे मला विचारू नकोस.

जखम कोरडी झाली का? खाज येत असेल तर भरत आली समज. नखानं खाजवू नकोस.

तुझी आई

भीमनगर
१७ फेब्रुवारी २०२५

अभय,

लिहिलं बघ. हात झडला नाही.

मागच्या पत्रानंतर पप्पांना दवाखान्यात न्यावं लागलं, काल घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा आता. गिळणं बंद झालंय. मी चमच्यानं ओठ ओले करते.

त्यांना बोलता येत नाही, तर मी बोलेन. तू अभय म्हणूनच ये. गल्लीत, भावकीत, कुणीही विचारलं हा कोण, तर मी सांगेन, हा माझा मुलगा. सगळ्यांसमोर सांगेन. काकासाहेबांसमोरसुद्धा सांगेन. तुझे ते चुलतकाका आता विहाराचे अध्यक्ष आहेत आणि माईक दिसला की त्यांना राहवत नाही, तरी सांगेन. हा माझा शब्द.

येशील तेव्हा पिशवी तन्वीरला उचलू दे. अरफानं मोबाईलवर बघून मला सगळं सांगितलंय, वजन उचलायचं नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. इथं आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं आणि सगळी गल्ली हंडे घेऊन पळते. तू हंड्याला हात लावायचा नाहीस. नुसता येऊन बस.

लवकर ये.

आई

भीमनगर
२३ फेब्रुवारी २०२५

अभय,

चहा गाळून बाहेर आले तर तू नव्हतास. खुंटीवरचा पप्पांचा फुल बाह्यांचा शर्टही नव्हता. कोपऱ्यावर तन्वीरचा टेम्पो सुरू झाल्याचा आवाज तेवढा आला. मी दोन्ही कप घेऊन तशीच उभी राहिले.

जे झालं ते तू तुझ्या बाजूनं बघितलंस. माझ्या बाजूनं काय होतं ते लिहिते, मग तुला काय ठरवायचं ते ठरव.

बुधवारी दारात मी तुला ओळखलं नाही, हे खरं आहे. ओठावर मिशीची रेघ, कानावर कापलेले केस, आवाज खाली गेलेला. “कोण पाहिजे?” असं मी तुला विचारलं, माझ्या पोटच्या पोराला. मग चप्पल काढताना तू भिंतीला हात टेकायला गेलास आणि दुखलं म्हणून तोंड वाकडं केलंस. तसं तोंड तू तिसरीत असताना दात पडला तेव्हा केलं होतंस. तेव्हा ओळखलं.

आत पप्पांनी तुझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि डावा हात उचलला. तू विचारलंस, “काय म्हणतायत?” मी म्हटलं, “जवळ ये म्हणतायत.” आता सांगते. मला माहीत नाही ते काय म्हणत होते. तुझ्या पाठीमागं दार होतं. हात तुझ्याकडं होता की दाराकडं, हे एवढा संसार करूनही मला कळलं नाही. पण तू जवळ बसलास, तो हात धरलास, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. तेवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले तेव्हाही तूच जवळ होतास.

आता खांद्याचं. उचलायची वेळ झाली तेव्हा चौघंजण पुढं झाले होते. माणसांची काही कमी नव्हती. तू त्यातल्या एकाला बाजूला केलंस आणि तिरडीला उजवा खांदा लावलास. मी टाके पडलेली अंगं सांभाळत म्हातारी झाले. कुठल्या टाक्याला काय झेपतं, हे मला बघूनच कळतं. तुझं अंग कच्चं होतं. ‘नको’ म्हणायला मी दोन पावलांवर होते आणि मी ते म्हटलं नाही. मला बघायचं होतं रे. माझा मुलगा बापाला खांदा देतोय, हे एकदा बघायचं होतं आणि गल्लीला दाखवायचं होतं. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणत सगळे निघाले आणि मी तुझ्या मागून चालत राहिले. कोपऱ्यावर तू पांढराफटक पडलास तरी मी गप्प चालत राहिले. त्या दुःखातही मला बरं वाटत होतं. आता लिहिताना लाज वाटते, पण वाटत होतं.

मग स्मशानात श्रद्धांजलीची भाषणं झाली. काकासाहेबांनी घसा साफ केला. ते काय म्हणाले ते तू विसरणार नाहीस, मीही विसरणार नाही. “कालकथित सर्जेरावांना मुलगा नव्हता. पण आज साऱ्या समाजानं पाहिलं, त्यांच्या लेकीनं त्यांना खांदा दिला. मुलगी मुलापेक्षा कमी नाही, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलं आणि आज सुलेखानं करून दाखवलं. मुलगा असता तरी त्यानं ह्याहून जास्त काय केलं असतं?”

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या मालनबाईनं तुझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, “वाघीण हायस बाई माझी,” म्हणाली. तू काहीतरी म्हणालास, पण तुझा आवाज तसा ऐकून त्यांना वाटलं, पोरीचा घसा रडून बसला. सगळे तुझ्याकडं बघत होते आणि तू माझ्याकडं बघत होतास.

मी शब्द दिला होता. मला तोंड आहे, असं मीच तुला लिहिलं होतं. काकासाहेब वाईट बोलले असते तर मी त्यांना तिथंच झोडपलं असतं, सर्जेरावांची बायको काय चीज आहे ते सगळ्यांनी बघितलं असतं. पण ते चांगलं बोलत होते. सगळी वस्ती तुझं कौतुक करत होती, आजवर ह्या घराचं कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं, आणि त्यात उभं राहून ‘हे चुकीचं आहे’ म्हणायचं मला जमलं नाही. घाबरले. दुसरा शब्द नाही त्याला. पदर तोंडाला लावलेला होता तो तसाच ठेवला.

घरी आल्यावर तू मोरीत गेलास. तू बाहेर आल्यावर मी आत गेले तर तुझा शर्ट बादलीत होता, आणि उजव्या बाजूला काखेखाली तळहाताएवढं लाल होतं. मी म्हटलं, आधी चहा देते, मग बसवून बघते, स्वच्छ करते, पट्टी बांधते. तेवढ्यात तू निघून गेलास.

येत्या बुधवारी पप्पांचा जलदान विधी आहे. ये. ह्या वेळी मी बोलेन. विश्वास ठेव म्हणायला मला तोंड राहिलं नाही, तरी ये. आणि आधी डॉक्टरकडं जा. उशीर करू नकोस, हे मी आई म्हणून नाही, एवढी अंगं हाताळलेली बाई म्हणून सांगते.

आई

भीमनगर
९ मार्च २०२५

अभय,

विधीच्या बुधवारी दुपारपर्यंत वाट बघितली. तू आला नाहीस. बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर मीही आले नसते.

काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि अरफा त्या दिवशी पोराला घेऊन दवाखान्यात होती, म्हणून मीच लिहिते.

विधीच्या आदल्या दिवशी मी काकासाहेबांच्या घरी गेले. म्हटलं, “भाऊजी, तुम्ही सुलेखा म्हणालात ते चुकलं. तो माझा पोरगा हाय. अभय त्याचं नाव.” ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “वहिनी, मला काय समजत नाय व्हय? पुस्तक माझ्याकडं बी आलंय. म्या मुद्दाम लेक म्हणालो. लेकीनं खांदा दिला म्हटलं की समाज डोक्यावर घेतो. दुसरं काय म्हणालो असतो तर तिथंच कुजबूज सुरू झाली असती. मी तुमच्या घराची अब्रू राखली.” उत्तर मला परत येताना रस्त्यात सुचलं. त्यानं लेकीचा खांदा द्यायला टाके फाडून घेतले नाहीत, हे ते उत्तर. पण तोवर मी अर्ध्या वाटेवर आले होते.

बुधवारी मंडपात वस्ती जमली. परित्राण पाठ झाला, पप्पांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्या, मग बौद्धाचार्यांनी विचारलं, घरातलं कुणी बोलणार का. मी उठले. मनात खूप काही जुळवलं होतं, ते सगळं विसरले. एवढंच म्हणाले, “ह्यांना मुलगा नव्हता असं तुम्ही ऐकलं. मुलगा होता. त्याचं नाव अभय. खांदा त्यानंच दिला.” काकासाहेब खाली बघत होते. मालनबाईनं मला हाताला धरून खाली बसवलं आणि पाणी दिलं.

मला वाटलं, झालं. बोलले एकदाची. अंगावरून डोंगर उतरला असं वाटलं.

जेवणं झाल्यावर बायका एकेक करून जवळ आल्या. मालनबाई म्हणाली, “रत्ना, इतकी वर्षं शेजारी ऱ्हातो, कधी बोलली नाय गं. किती महिन्यांचा होऊन गेला?” मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. त्यांनी असं धरलं होतं की तुझ्या आधी मला एक मुलगा झाला होता, अभय नावाचा, आणि तो तान्हाच गेला. नवरा गेल्याच्या दुःखात मला तोच दिसला, तोच येऊन बापाला खांदा देऊन गेला. मी म्हटलं, “गेला नाय गं, जिता हाय. पुण्यात हाय. तूच त्याच्या तोंडावरून हात फिरवलास.” तिनं मला छातीशी धरलं. “व्हय गं व्हय,” म्हणाली, “लई सोसलंस.” दुसऱ्या दोघी रडायला लागल्या. एकीनं तर सांगितलं, तिचाही पहिला असाच गेला. मी तिचे डोळे पुसले. काय करणार होते?

एवढ्या लोकांत मला मुलगा आहे असं सांगायला मी उभी राहिले, आणि खाली बसले तेव्हा त्यांनी तुला पुरून टाकलं होतं.

ज्यांना खरं कळलं तेही आहेत. त्यांनी वेगळं केलं. गल्लीच्या टोकाला शिवमच्या बायकोला मुलगी झाली. सातव्या महिन्यातच बाळ चोळायचं माझ्याशी बोलणं झालं होतं. परवा माझ्या दारावरून दुसरीच बाई तेलाची बाटली घेऊन गेली. मी ओट्यावर बसले होते, तिनं मान फिरवली. शिवम स्वतः लहान असताना माझ्या पायांवर होता. असू दे. त्यांच्या बाळाला कुणाचाही हात लागो, नीट वाढू दे म्हणजे झालं.

अरफानं काल सांगितलं की तुझी जखम उघडली, आत पाणी साठलं होतं, परत टाके घालावे लागले. आणि तुझा निरोपही सांगितला. येऊ नकोस, काही पाठवू नकोस. निरोप सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती. “खाला, गुस्सा ठंडा होने दो उसका,” म्हणाली. मी म्हटलं, राग नाही तो. रागावलेलं माणूस भांडतं. तू भांडत नाहीस.

मी येत नाही. निघाले होते, हे सांगते. पिशवी भरली होती, मऊ धुतलेल्या जुन्या साड्यांचे तुकडे घेतले होते, स्टॅंडपर्यंत गेले होते. मग बाकावर बसून विचार केला. एकदा तुझं अंग कच्चं आहे हे कळत असून मी माझ्या मनाचं केलं आणि त्याची भरपाई तुझ्या अंगानं केली. आता तू नको म्हणतोयस आणि मी पुन्हा माझ्या मनाचं करायला निघाले. परत आले.

ह्यावर तू कविता लिहिशील. लिही. मला वाईट दाखवलंस तरी पुस्तक कोठीवर फेकणार नाही. पप्पांना मात्र सांभाळून लिही, ते उत्तर द्यायला नाहीत.

घर मोठं झालंय. खाट काढून टाकली. दुपारी हातांना काम नसतं, मी आपली स्वतःचेच गुडघे चोळत बसते.

मला माफ केलंस का, हे विचारत नाही. ते विचारलं की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्या अंगातली ताकद आता त्यात नको जायला. मला जखमेचं तेवढं कळायला हवं. तू लिहिणार नाहीस, हे मला माहीत आहे, म्हणून मीच सोपं करते. ताप आला, पू झाला, पुन्हा उघडली, तर अरफाला कळव. मी येईन, एक शब्द न बोलता काय करायचं ते करेन आणि जाईन. भरली असेल तर काही कळवू नकोस. तुझ्याकडून काही आलं नाही की मी समजेन, भरली.

तुझी आई
रत्नमाला